प्रोग्रामरची ओळखपरेड : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका नुकत्याच नोकरीला लागलेल्या प्रोग्रामरसाठी आहे. प्रोग्राम लिहायला तुम्हाला कॉलेजने शिकवलं असेल, कॉलेजने नसेल तर यूट्यूबने. पण आपण कोण, कुठले, काय करतो आणि रविवारी काय करतो हे चार वाक्यांत सांगायला कुणीच शिकवत नाही. आणि पहिल्या पगाराच्या आत ते कंपनीत, घरमालकासमोर, बँकेत, मावसबहिणीच्या लग्नात आणि स्वतःच्या लग्नाच्या बोलणीत असं सगळीकडे सांगावं लागतं. प्रत्येक ठिकाणी ओळख वेगळी लागते. एकच ओळख सगळीकडे वापरणारेही काही असतात. त्यांना लोक ‘हुशार आहे, पण माणसांत मिसळत नाही’ असं म्हणतात.

ही अडचण जुनी आहे, तेव्हा मनाला लावून घेऊ नका. एड्सगर डायक्स्ट्रा हा नेदरलँड्सचा मोठा संगणकशास्त्रज्ञ. दोन ठिकाणांमधला सगळ्यात जवळचा रस्ता शोधण्याची त्याची रीत तुम्ही परीक्षेसाठी पाठ केली असेल. १९५७ साली त्याचं लग्न झालं. तिकडे विवाहनोंदणीत व्यवसाय सांगावा लागे. त्याने प्रोग्रामर म्हणून सांगितलं. ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेने ते मान्य केलं नाही, कारण असा व्यवसायच अस्तित्वात नव्हता. शेवटी दाखल्यावर ‘सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ’ लागलं. १९७२ साली ट्युरिंग पुरस्काराच्या भाषणात त्याने स्वतःच हे सांगितलं. आपल्याकडे तरी काय वेगळं आहे? स्थळांच्या बायोडेटात ‘प्रोग्रामर’ असं लिहिलेलं एकदा शोधून दाखवा. ‘सॉफ्टवेअर इंजिनिअर, नामांकित एमएनसी, पुणे’ असंच सापडेल. नगरपालिकेला भौतिकशास्त्रज्ञ चालला, मुलीच्या मामांना इंजिनिअर लागतो.

नाव

नावापासून सुरुवात करा, पण सगळं नाव सांगू नका. आपल्या नावात स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव असे तीन भाग असतात, आणि पासपोर्टवर रकाने दोनच. वडिलांचं नाव मग तुमच्या नावाच्या रकान्यात जाऊन बसतं, विमानाच्या तिकिटावर दोन्ही नावं एकमेकांना चिकटतात, आणि ऑनसाइटला पोचल्यावर टॅक्सीवाला ‘प्रसाददत्तात्रय’ अशी पाटी धरून उभा असतो. हात वर करा आणि गाडीत बसा.

तिकडचा मॅनेजर तुमचा उच्चार चुकवणारच. त्याला दुरुस्त करायचं की नाही हे पहिल्याच दिवशी ठरवा. सहा महिन्यांनी सांगायला गेलात तर त्याला अपराधी वाटतं आणि तो प्रत्येक मीटिंगमध्ये नाव घेण्याआधी थांबून श्वास घेतो. आडनाव काळे असेल तर विशेष काळजी घ्या. इंग्रजी स्पेलिंगमध्ये ‘ळ’ उरत नाही, आणि जे उरतं ती अमेरिकेत कोबीच्या कुळातली एक पालेभाजी आहे.

घराणं आणि शिक्षण

‘टेल मी अबाउट युअरसेल्फ’ या प्रश्नाला आपल्याकडचं पारंपरिक उत्तर ‘मायसेल्फ’पासून सुरू होतं आणि वडील काय करतात, आई गृहिणी आहे, धाकटी बहीण बारावीला आहे, या मार्गाने जातं. समोरच्या मुलाखतकाराला तुमच्या बहिणीच्या बारावीशी काही देणंघेणं नसतं, पण त्याने स्वतःही दहा वर्षांपूर्वी हेच सांगितलेलं असल्यामुळे तो मान हलवतो. सी भाषेवरच्या कर्निगन आणि रिची यांच्या १९७८ च्या पुस्तकापासून प्रत्येक नवा प्रोग्राम ‘हॅलो, वर्ल्ड’ एवढ्याच दोन शब्दांत ओळख करून देतो आणि मोकळा होतो. त्याला पॅकेज कुणी विचारत नाही. तुम्हाला ती सवलत नाही.

शिक्षण सांगताना शाखा हळूच सांगा. मेकॅनिकल किंवा सिव्हिल करून सॉफ्टवेअरमध्ये आलात, तर ‘मग चार वर्षं ते कशाला शिकलास?’ हा प्रश्न येतोच. त्याचं खरं उत्तर लांब आहे आणि ते तुमच्या जन्माच्या आधी सुरू होतं. पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, मुंबईचं व्हीजेटीआय १८८७ चं, सांगलीचं वालचंद १९४७ चं. जागा मोजक्या, आणि मुलगा इंजिनिअर व्हावा असं वाटणारी घरं लाखोंनी. १९८३ साली मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि माळरानांवर इमारती उभ्या राहू लागल्या. त्यातून इंजिनिअर एवढे निघाले की त्यांना सामावून घेतील इतके कारखाने निघाले नाहीत. सॉफ्टवेअर कंपन्या मात्र शाखा न बघता, अॅप्टिट्यूडची परीक्षा घेऊन, हॉलमधून रांगेने मुलं उचलायला तयार होत्या. तुमची पार्श्वभूमी ही एवढी आहे. पण लग्नाच्या पंगतीत हे सांगायला वेळ नसतो, म्हणून ‘आवड होती’ म्हणा.

कॉम्प्युटरच शिकलात, तर तुमच्या पार्श्वभूमीला निळा रंग असतो. बोरलँडचा टर्बो सी++ हा १९९० च्या सुमाराचा, डॉसवर चालणारा. जगाने तो केव्हाच सोडला, तरी आपल्या प्रयोगशाळांतून तो वर्षानुवर्षं हलला नाही. निळा पडदा, पिवळी अक्षरं, माऊस असला तर असला. प्रोग्रामच्या शेवटी ‘गेटच’ लिहायचं, नाहीतर उत्तर दिसायच्या आत पडदा गायब. का लिहायचं ते विचारायचं नाही. जर्नलमध्ये तसं आहे. जर्नलही मागच्या वर्षीच्या मुलाचं, त्याचं त्याच्या मागच्या वर्षीच्या. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचं ‘लेट अस सी’ हातात पडलं, की पहिल्यांदा कुणीतरी आपल्याशी समजावून बोलतंय असं वाटतं. हा सगळा भाग मुलाखतीत सांगू नका. पण समोरचा माणूस हिंजवडीत वाढलेला दिसला, तर ‘टर्बो सी’ एवढंच म्हणा. पुढची पाच मिनिटं तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.

सीडॅक केलं असेल तर ते आवर्जून सांगा. ही संस्था १९८८ ची, पुण्याची. अमेरिकेने आपल्याला महासंगणक द्यायला खळखळ केली, म्हणून इथेच बांधायला घेतला आणि १९९१ साली ‘परम ८०००’ तयार झाला. तुम्ही तिथे फक्त सहा महिन्यांची पदविका केली आणि परम लांबूनही पाहिला नाही, हे सांगायची गरज नाही. ऐकणाऱ्यांचा समज आपोआप चांगला होतो.

काम काय करता

सगळ्यात कठीण भाग हा. मंगल कार्यालय, दुसरी पंगत, शेजारच्या पानावर काका.

‘काय रे, काय करतोस सध्या?’

‘सॉफ्टवेअरमध्ये आहे, काका.’

‘ते माहितेय रे. पण करतोस काय?’

नवशिक्या नेमका इथे घसरतो. तो म्हणतो, ‘मायक्रोसर्व्हिसेसवर आहे. जावा, स्प्रिंग बूट, थोडं कुबरनेटिस.’ काका जिलबीचा तुकडा मठ्ठ्यात बुडवून शांतपणे खातात आणि म्हणतात, ‘मग आमचा प्रिंटर बघशील का जरा? कागदच ओढत नाही.’

पहिली गोष्ट, काकांचा यात काही दोष नाही. त्यांच्या घरात आत्याने एमएस-सीआयटी केलंय, तिच्या लेखी कॉम्प्युटर म्हणजे वर्ड, एक्सेल आणि प्रिंटआउट. कॉम्प्युटरवाला म्हणजे ते तिन्ही चालू करून देणारा. तुम्ही मात्र ज्या हत्यारांनी काम करता त्यांची यादी वाचलीत. काम काय ते सांगितलंच नाहीत. आता हेच पुन्हा करून बघा.

‘काका, तुम्ही मोबाइलवरून लाइटबिल भरता ना?’

‘भरतो की.’

‘बटण दाबल्यावर ते गोल फिरत बसतं, मग तुम्ही वैतागून पुन्हा दाबता.’

‘दाबतोच. परवा तीनदा दाबलं.’

‘पैसे किती वेळा गेले?’

‘एकदाच गेले.’

‘ते एकदाच जावेत, याचं काम मी करतो.’

काका थांबतात. ‘मग ते गोल फिरतं ते तुझ्यामुळे?’ असंही विचारतात, पण विषय प्रिंटरवरून निघालेला असतो.

काकांना आणखी रस दिसला तर पुढचं सांगा, कारण हे काम सांगण्यासारखं आहे. प्रत्येक व्यवहाराला एक वेगळा क्रमांक दिलेला असतो. तीच मागणी पुन्हा आली की सर्व्हर क्रमांक बघतो आणि हे तर मघाशीच झालं म्हणून जुनंच उत्तर परत पाठवतो. ऐकायला सोपं वाटतं. खरी गंमत मधल्या फटीत आहे. बँकेने पैसे कापले, पण ‘कापले’ हा निरोप परत यायच्या आत नेटवर्क तुटलं. आता दुकानदाराला वाटतं पैसे आले नाहीत, बँकेला वाटतं दिले, आणि काका फोन हातात धरून बसलेले. कुणीच खोटं बोलत नाही, तरी हिशेब जुळत नाही. बँकेला पुन्हा विचारायचं, किती वेळ वाट बघून विचारायचं, तिने उत्तरच दिलं नाही तर काय समजायचं, आणि पैसे परत करायचे तर ते दोनदा परत जाणार नाहीत ना, हे सगळं आधी बसून ठरवावं लागतं. प्रोग्रामरचं आयुष्य या फटीत जातं. आणि ते नीट केलं की काहीच घडत नाही. न घडलेल्या गोष्टीबद्दल कौतुक करायला कोण येणार?

म्हणून नियम असा: तुमच्या वाक्यात एक माणूस हवा आणि त्याची एक अडचण हवी. भाषेचं, चौकटीचं, क्लाउडचं नाव एकही नको. तुम्ही काम बँकेचं करा, दवाखान्याचं करा, नाहीतर जर्मनीतल्या गाड्यांचं करा, असं वाक्य निघतंच. ते निघत नसेल, तर आपण दिवसभर काय करतो हे तुम्हालाच कळलेलं नाही, आणि मग दोष काकांच्या प्रिंटरला देऊ नका. वाक्य तयार झालं की आधी घरात बोलून बघा. पुढे आत्या शेजारणीला ‘आमचा भाचा डबल पैसे कापायचं बघतो’ असं सांगेल. तेवढी गळती धरून चाला.

मुलगी प्रोग्रामर असेल तर तिला काम काय करतेस हा प्रश्न सहसा येतच नाही. ‘रात्री किती वाजता येतेस?’ आणि ‘लग्नानंतर चालू ठेवणार का?’ हे दोन येतात. त्यावर वर दिलेलं वाक्य न विचारता, मोठ्या आवाजात सांगायचं. प्रिंटरचा मान मग तिलाही मिळतो.

वेळ

सोसायटीत तुम्ही दुपारी बारा वाजता दूध आणायला उतरता, तेव्हा तुमची ओळख आपोआप होते: ‘नोकरी गेलेली दिसते’. वॉचमनपासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना एकदाच सांगून टाका. न्यूयॉर्कचे सकाळचे दहा म्हणजे पुण्याचे रात्रीचे साडेआठ. मार्चमध्ये तिकडची घड्याळं एक तास पुढे जातात, मग तेच साडेसात होतात, आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा साडेआठ. आपलं घड्याळ वर्षभर जिथल्या तिथे, पण जेवणाची वेळ अमेरिकन संसद ठरवते. हे चेअरमनना पटत नाही. मेंटेनन्स वेळेवर भरला की पटतं.

नव्या टीमसमोर

व्हिडिओ कॉलवर ओळखीची फेरी सुरू होते. ‘आवाज येतोय का?’ हे तुमचं पहिलं वाक्य असेल, त्याला इलाज नाही. त्यानंतर नाव, अनुभवाची वर्षं, आणि शेवटी तिकडचा मॅनेजर स्वतःबद्दल काहीतरी मजेदार सांगायला सांगतो. आपल्या घरात स्वतःबद्दल मजेदार सांगायची पद्धत नाही, ते काम चुलत भावंडं करतात. त्यामुळे बारा जण एकामागून एक ‘आय लाइक क्रिकेट’ म्हणतात. यावर किल्ला हा हमखास उपाय आहे. मी राहतो तिथून दोन तासांवर राजगड आहे, तिथे आमच्या राजाची राजधानी होती, पुढे ती रायगडावर नेली आणि १६७४ साली तिथे राज्याभिषेक झाला, असं सांगा. त्यांचा देश १७७६ चा. मॅनेजर गप्प होतो आणि फेरी पुढे सरकते.

छंद

इथे बायोडेटाची शिस्त पाळा. वाचन, संगीत ऐकणे, प्रवास आणि ट्रेकिंग ही चारी नावं लिहायची असतात, करायची असतातच असं नाही. पण ज्याबद्दल उलटतपासणी होऊ शकते ते लिहू नका. वाचन लिहिलंत तर ‘शेवटचं काय वाचलंस?’ असं विचारलं जातं, आणि ‘मृत्युंजय, दहावीच्या सुट्टीत’ हे उत्तर बायोडेटा घेऊन आलेल्या प्रत्येकाने आधीच दिलेलं असतं.

ट्रेकिंग त्या मानाने सुरक्षित. एकदा हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पालथं पडून काढलेला फोटो दहा वर्षं पुरतो. कळसूबाई १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर, हे पाठ ठेवा. लोखंडी शिड्यांचा उल्लेख केला की तुम्ही खरंच गेला होतात असं वाटतं. मात्र पावसाळी शनिवारी गेलात तर शिडीपाशी रांग असते, आणि त्या रांगेत तुमच्याच कंपनीचे निम्मे लोक भेटतात. मग सोमवारचं बोलणं तिथेच उरकून घ्या.

ढोलपथक हा पुण्यातला दुसरा भरवशाचा छंद. जुलैपासून नदीकाठी सराव, कमरेला दोरी बांधलेला ढोल, दोन आठवड्यांत हाताला घट्टे. दिवसभर स्क्रीनवर अर्धविराम शोधणाऱ्या माणसाला ज्याचा आवाज लगेच येतो असं एखादं काम हवंच असतं. याला मी मनापासून मान देतो. फक्त विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी रजा टाका, कारण मॅनेजर काय म्हणतोय ते तुम्हाला ऐकू येणार नाही.

बुलेट, मॅरेथॉन, मुळशीत घ्यायची अर्धा एकर शेती हे छंद अनुभवाची आठ वर्षं झाल्यावरच. गिटार कधीच नाही.

आणि एक धोक्याची सूचना. ‘प्रोग्रामिंग हाच माझा छंद’ असं म्हणू नका. म्हणायचंच असेल, तर आधी दाखवायला काहीतरी करा. गिडो व्हान रॉसमला १९८९ च्या नाताळच्या सुट्टीत वेळ घालवायला काहीतरी हवं होतं, त्यातून पायथन निघाली. १९९१ च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीच्या लिनस टोरव्हाल्ड्सने आपण हौसेखातर एक ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, फार मोठं काही होणार नाही, असं जाहीर केलं. तो एकवीस वर्षांचा होता. त्याच हौसेवर आज तुमचा अँड्रॉइड फोन चालतो. उलट ज्याच्या ग्रंथांतून लोक प्रोग्रामिंग शिकले, तो डोनाल्ड नूथ घरी पाइप ऑर्गन वाजवतो. म्हणजे दोन्ही चालतं. पण तुमचा ‘छंद’ म्हणजे तीन वर्षांपूर्वी गिटहबवर चढवून सोडलेलं हवामानाचं अॅप असेल, तर ट्रेकिंगच लिहा.

शेवटचा प्रश्न

हल्ली ओळख कशीही करून द्या, शेवट एकाच ठिकाणी होतो. ‘ते एआय आलंय म्हणे. मग तुमचं काय?’ काकांचा हेतू वाईट नसतो, पण पेपर त्यांनी तुमच्या आधी वाचलेला असतो.

यावर भाषण देऊ नका. एक उदाहरण द्या. १९५९ साली कोबोल ही भाषा घडवायला घेतली तेव्हा ती इंग्रजीसारखी करायची होती, म्हणजे साहेबांनाही वाचता यावी. प्रोग्रामरची गरज कमी होईल असं तेव्हाही अनेकांना वाटलं होतं. झालं असं की कोबोलमध्ये कोट्यवधी ओळी लिहिल्या गेल्या. त्या काळातल्या काटकसरीपायी अशा कितीतरी प्रोग्राममध्ये वर्षाचे शेवटचे दोनच आकडे साठवले होते. २००० साल जवळ आलं तेव्हा ते सगळं उघडून दुरुस्त करायला माणसं कमी पडली, आणि त्या कामाने आपल्या कंपन्यांना अमेरिकेची दारं उघडून दिली. तुमचा टीमलीड बहुधा त्याच दारातून आत आलेला असतो. बँकांत कोबोल अजून चालतं.

म्हणून या वेळीही तसंच होईल का? मी पैज लावणार नाही. यंत्र आता कोड भराभर लिहितं, हे रोज समोर दिसतं. काकांनी तीनदा बटण दाबलं तर काय व्हायला हवं, हे मात्र अजून कुणालातरी बसून ठरवावं लागतं, आणि चुकलं तर फोन त्यालाच येतो. काकांना एवढंच सांगा. पगार विचारला तर ‘भागतं’ म्हणा. घराचे हप्ते किती उरलेत ते आईवडील सोडून कुणालाही सांगू नका.